भुतं आमची, वर्गणी तुमची

ऑक्टोबर आला की अमेरिकेत गावोगावचे दुकानदार, शिक्षक, नर्सबाई एखादी रिकामी शाळा नाहीतर धान्याचं कोठार ताब्यात घेतात. आत भुतं उभी करतात, दारात तिकिटं फाडतात आणि जमलेला गल्ला एखाद्या सत्कार्याला देऊन मोकळे होतात. 1970च्या दशकात हे वेड पसरवलं जेसीजनी. होय, आपल्याकडे तालुक्याच्या गावी कार्यक्रम घेतात तेच जेसीज! त्यांच्या दोघा कार्यकर्त्यांनी तर भूतबंगला कसा उभारावा याची पुस्तिकाच लिहिली.

बुलडाणा जिल्ह्यात असा बंगला काढायचा ठरवला, तर बाहेरून फारसं काही आणावं लागणार नाही.

जागा. जिल्ह्यातला सर्वांत जुना भूतबंगला लोणारचा. कथा अशी की लवणासुर जमिनीखाली दडून राहायचा. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं त्या बिळाचं झाकण उडवलं आणि राक्षसाचा निकाल लावला. त्याच्या रक्ताचं पाणी झालं, मांसाचं मीठ. शास्त्रज्ञ म्हणतात, उल्का आदळली आणि बेसॉल्टच्या खडकात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला. जून 2020मध्ये तेच पाणी गुलाबी झालं तेव्हा जुन्या माणसांना लवणासुर आठवला असेल तर नवल नाही. पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. राक्षसाला मारणाऱ्या दैत्यसूदनाचं देऊळ गावात आहेच. सरोवराला मात्र कुणी हात लावू नये. 2020पासून ते रामसर स्थळ आहे. बंगला गावातल्या एखाद्या मंगल कार्यालयातच बरा.

हात. ही खरी आपली श्रीमंती. शेगावला गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी पाळीपाळीनं विनामोबदला राबतात, आणि सेवेची पाळी मिळायला थांबावं लागतं! हिवरा आश्रमाला विवेकानंद जयंतीला लाखो माणसं पंगतीत बसतात आणि पुरी-वांग्याचा महाप्रसाद चक्क ट्रॅक्टरमधून वाढला जातो. देऊळगाव राजाच्या बालाजी यात्रेत मंडपाच्या अवजड लाकडी लाटा भाविकच उभ्या करतात. इतकं करणाऱ्यांना चार अंधाऱ्या खोल्या म्हणजे काय!

पात्रं. परदेशी रक्तपिपासू कशाला आणायचे? पिंपळावरचा मुंजा आहे, हडळ आहे, खवीस आहे. माझं मत मात्र चकव्याला. त्याला ना मुखवटा लागतो, ना रंग. पडदे असे लावायचे की माणूस फिरून फिरून त्याच दारापाशी यावा. खर्च फक्त पडद्यांचा.

जादू. लंडनमध्ये 1862 साली जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर भूत आणलं. युक्ती साधी: प्रेक्षकांसमोर तिरकी काच, बाजूला लपलेला नट आणि त्याच्यावर झोत. काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं आणि भूत हवेत तरंगतं. डिस्नेलँडमध्ये 1969 साली उघडलेल्या भूतमहालात हीच युक्ती आजही भुतांना नाचवते. आपल्याला दुकानाच्या शोकेसची काच पुरेल.

आवाजाची गंमत आणखी भारी. इंग्लंडमध्ये एका प्रयोगशाळेत रात्री अंगावर काटा यायचा, डोळ्यांच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसायची. अभियंता विक टँडी यांनी शोध घेतला तर चोर निघाला नवा पंखा! सेकंदाला सुमारे 19 कंपनं, कानाला ऐकू न येणारी. पंख्याची बसवणी बदलली आणि भूत पसार. हे त्यांनी 1998मध्ये छापून आणलं. विदर्भातल्या उन्हाळ्यात घरोघर घरघरणारे कूलर आठवा, आणि कुठल्या खोलीत काय दिसलं होतं तेही.

आतडी. अंधारात चाचपताना सोललेली द्राक्षं म्हणजे डोळे, शिजवून गार केलेल्या शेवया म्हणजे आतडी. 1937च्या एका अमेरिकी पुस्तिकेनं तर पालकांना भिंतीवर कच्च्या कलेजीच्या पट्ट्या टांगायला सुचवलं होतं. पोरं रात्री गावात नासधूस करत हिंडू नयेत म्हणून हा सगळा खटाटोप.

इथं नको. होळीला जिल्ह्यातल्याच सैलानीच्या यात्रेत नारळांची होळी पेटते, भूतबाधा झाली असं समजून माणसांना तिथं आणलं जातं. ते दुखणं आहे, तमाशा नव्हे. त्याची नक्कल आपल्या खोल्यांत नको. भूत काढतो म्हणून मारहाण करणं तर 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हाच. त्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या रांगेपुढं अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी टेबल मांडून काच आणि झोत यांची पोल खोलावी. तिकिटाचे पैसे दुप्पट वसूल.

आग. 11 मे 1984 रोजी न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज उद्यानात भूतमहालाला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुलं गेली. आत पाण्याचे फवारे नव्हते. तेव्हा थर्माकोल, फोम, मेणबत्त्या बाद. कापडी पडदे विजेच्या तारांपासून लांब. आणि बाहेरच्या दाराशी एक सेवेकरी बिनमुखवट्याचा, हातात बॅटरी घेऊन, दुसरं कुठलंही काम न देता उभा करायचा. शेगावचा असेल तर उत्तम. मागं हडळ किंचाळत असली तरी तो शांतपणे म्हणेल, "माउली, इकडून या."