आधी पाया, मग प्लास्टिक

कोल्हापूरच्या परसबागेला हरितगृह हवे असते ते उबेसाठी नव्हे. इथला हिवाळा सौम्य असतो. रोपांचे हाल होतात ते एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वाऱ्याने आणि गारांनी, आणि जूनपासून नैर्ऋत्येकडून झोडपणाऱ्या पावसाने. शिरोळ तालुक्यातल्या कोंडिग्रे परिसरात हरितगृहातली फुलशेती रुजली, तेव्हा आच्छादनाखालची शेती या जिल्ह्याला नवी नाही. पण घरी छोटे हरितगृह बांधायला निघालेला माणूस बहुधा पहिला प्रश्न आच्छादनाचा विचारतो : काच, पॉलिकार्बोनेट की प्लास्टिक? वाऱ्याच्या जागी हा प्रश्न शेवटचा असायला हवा. आधी जमिनीतली पकड, मग सांगाडा, मग जोड आणि त्यानंतर आच्छादन, या क्रमाने साहित्य निवडले तरच हरितगृह वळिवात उभे राहते.

हा क्रम साध्या हिशेबातून येतो. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ७२ किलोमीटरच्या झोताचा दाब दर चौरस मीटरला सुमारे २४ किलो भरतो; वेग ताशी १०० किलोमीटर झाला की तो ४७ किलोंच्या आसपास जातो. छपरावरून वाहणारा वारा छपराला वर ओढतो. ३ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब छपरावर ही ओढ, ढोबळमानाने, पहिल्या झोतात जवळपास ३०० किलो आणि दुसऱ्यात साडेपाचशेच्या पुढे होते. चार मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजनसुद्धा दर चौरस मीटरला १० किलोच असते, म्हणजे जड छप्पर आपल्या वजनावर टिकेल ही आशा फोल आहे. ‘एवढ्याशा हरितगृहाला पाया कशाला?’ या शंकेचे उत्तरही इथेच मिळते. १ फूट लांब-रुंद आणि २ फूट खोल अशा काँक्रीटच्या एका ठोकळ्याचे वजन सुमारे १३० किलो होते. असे सहा ठोकळे घालून खांब त्यांत पक्के रोवले, की ती ओढ पेलण्याची तयारी झाली. नुसत्या मातीत ठोकलेला खांब पावसाने जमीन भिजली की ढिला होतो.

सांगाड्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप सर्वांत भरवशाचा. शिवाजी उद्यमनगरात पाइप वाकवून देणारे कारागीर असलेल्या शहराला तो अवघडही नाही. मात्र वेल्डिंगच्या जागी जस्त जळते आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून जोड शक्यतो क्लॅम्प आणि नटबोल्टचे ठेवावेत. खर्च वाचवायला पीव्हीसी पाइपच्या कमानी सुचवल्या जातात. त्या उन्हात ठिसूळ होतात, शिवाय पीव्हीसीला टेकलेले पॉलिथिन लवकर कुजते. त्यापेक्षा जवळजवळ भरीव असणारा माणगा बांबू चांगला. फक्त त्यावर प्रक्रिया केलेली असावी आणि त्याचे बूड ओल्या मातीत नसावे.

आता आच्छादन. काच गारांपुढे धोक्याची. सहा मिलिमीटरचे दुपदरी पॉलिकार्बोनेट दर चौरस मीटरला साधारण १.३ किलो वजनाचे आणि टणक असते, पण कडा नीट धरल्या नाहीत तर सुटलेला पत्रा उडून इजा करतो. त्यामुळे घरगुती कामाला अतिनील किरणांना टिकणारी २०० मायक्रॉनची फिल्म पुरेशी ठरते. बांधकामावर अंथरतात ते साधे प्लास्टिक उन्हाने लवकर तडकते. प्लास्टिक फाटतेच, मग काय उपयोग, हा आक्षेप अर्धा खरा आहे. बहुतेक वेळा फिल्म ढिली राहून फडफडते, खिळ्याच्या भोकापाशी चिरते आणि मग झोत तिला उभी फाडतो. म्हणून खिळे टाळून ॲल्युमिनियमच्या पट्टीत झिगझॅग स्प्रिंगने ती कडेच्या पूर्ण लांबीवर ताणून धरावी.

वारा आत येऊच नये म्हणून सगळे बंद करावे, असेही काहींना वाटते. एप्रिलच्या दुपारी बंद हरितगृहात रोपे होरपळतील. बाजूंना गुंडाळता येणारे पडदे ठेवावेत आणि वादळ आले की वाऱ्याकडचा पडदा आधी खाली घ्यावा, कारण एका बाजूने शिरलेला वारा छपराला आतूनही वर ढकलतो. वाऱ्याच्या दिशेला भक्कम भिंत बांधली तर तिच्यावरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे करतो; निम्मा वारा जाऊ देणारी गिरिपुष्पाची कुंपणरांग किंवा जाळी अधिक उपयोगी. पैसे कमी पडत असतील तर आच्छादनात काटकसर करावी, पायात आणि जोडांत करू नये. फाटलेली फिल्म एका सकाळी बदलता येते. उखडलेला सांगाडा मात्र सगळी रोपे आणि सगळा खर्च घेऊन जातो.