संतोष

संतोष : जे प्राप्त आहे त्यात मन तृप्त असणे व जे प्राप्त नाही त्याच्या अभिलाषेने ते व्याकूळ न होणे, या चित्तस्थितीस संतोष म्हणतात. ‘सम्’ या उपसर्गासह ‘तुष्’ (तृप्त होणे) या धातूपासून हा शब्द सिद्ध झाला आहे. इष्ट वस्तूच्या लाभाने होणारे सुख त्या वस्तूबरोबर येते व जाते. संतोष हा मुख्यतः मनाच्या घडणीवर अवलंबून असतो. त्यामुळे तो प्रत्येकाने स्वतःच्या प्रयत्नाने संपादन करावयाचा गुण आहे, असे बहुतेक आध्यात्मिक परंपरांनी मानले आहे. माणसाने स्वतःच स्वतःचा उद्धार करावा, हा भगवद्‌गीतेच्या सहाव्या अध्यायातील उपदेश आणि आपणच आपले स्वामी आहोत, हा धम्मपदातील विचार यांचा रोख हाच आहे. मात्र संतोष म्हणजे आहे त्या परिस्थितीपुढे मान तुकविणे काय, हा प्रश्नही प्राचीन काळापासून विचारला गेला असून संतोषाचे स्वरूप ठरविताना त्यास उत्तर द्यावे लागते.

भारतीय विचार : तैत्तिरीयोपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत आनंदाचे मोजमाप केले आहे. तरुण, सदाचारी, विद्यावान, बलवान आणि धनाने भरलेल्या पृथ्वीचा स्वामी अशा पुरुषाचा आनंद हे तेथील मूळ माप होय. मनुष्यगंधर्व, पितर, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती इ. पायऱ्यांनी ब्रह्मानंदापर्यंत ते प्रत्येक वेळी शतपट होत जाते. कामनेने ग्रासला न गेलेल्या वेदवेत्त्यास या पायऱ्यांवरील आनंद सहजच प्राप्त असतो, असे उपनिषद पुनःपुन्हा सांगते. आनंदाची वाढ भोगसाधनांच्या वाढीने होते, तशीच ती कामनेच्या क्षयानेही होते आणि दुसरा मार्ग माणसाच्या स्वाधीन आहे, असे यावरून सूचित होते.

पतंजलीच्या योगसूत्रांत शौच, संतोष, तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान हे पाच नियम सांगितले असून संतोषापासून सर्वोत्तम सुखाचा लाभ होतो, असे म्हटले आहे. व्यासभाष्यानुसार जवळ असलेल्या साधनांहून अधिकाची इच्छा न धरणे, हे संतोषाचे लक्षण होय. गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार केले आहेत. राजस सुख आरंभी अमृतासारखे व परिणामी विषासारखे असते, तर सात्त्विक सुखाचे याच्या उलट असते आणि ते अभ्यासाने लाभते. जैन धर्मात संतोष हे लोभ जिंकण्याचे साधन मानले असून अपरिग्रहव्रताशी त्याचा निकट संबंध आहे. बौद्ध धर्मात चीवर, भिक्षान्न व निवासस्थान यांबाबत भिक्षूने संतुष्ट असावे, असे सांगितले आहे.

पाश्चात्त्य विचार : एपिक्यूरस (इ. स. पू. ३४१–२७०) याने इच्छांचे नैसर्गिक व आवश्यक, नैसर्गिक पण अनावश्यक आणि दोन्ही नव्हेत अशा, असे तीन वर्ग करून पहिल्या वर्गातील इच्छा थोडक्यात भागतात, हे दाखविले. स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टीटस याने आपल्या अधीन असलेल्या व नसलेल्या गोष्टींतील विवेक हा मनःशांतीचा पाया मानला. आपली मते, इच्छा व प्रयत्न आपल्या अधीन असतात. शरीर, संपत्ती, लौकिक व अधिकार नसतात. रोमन सम्राट मार्कस ऑरीलियस (१२१–१८०) याने स्वतःलाच उद्देशून लिहिलेली टिपणे या अभ्यासाचे उदाहरण होय. समर्थ रामदासांच्या (१६०८–८१) मनाच्या श्लोकांतही मनाला समजाविण्याची हीच रीत आढळते.

साधने : संतोष हा केवळ निश्चयाने येत नाही, त्यासाठी मनाच्या सवयी बदलाव्या लागतात. योगसूत्रांतील प्रतिपक्षभावन हा याचा एक उपाय होय. हिंसा, असत्य यांसारखे यमनियमांविरुद्ध जाणारे विचार उठल्यास त्यांतून दुःख व अज्ञान यांची परंपरा कशी उद्भवते, याचे चिंतन करावयाचे असते. तसेच सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता (आनंद) व अपुण्यवानाविषयी उपेक्षा बाळगल्याने चित्त प्रसन्न होते, असे सांगितले आहे. शेजाऱ्याच्या उत्कर्षाने मनाला लागणारी टोचणी हे असंतोषाचे नित्याचे कारण आहे. मैत्रीच्या भावनेमुळे त्याचे सुख ही आपली उणीव वाटेनाशी होते.

महाराष्ट्रात वारकरी व समर्थ संप्रदायांनी नामस्मरण, सत्संग व ग्रंथवाचन या सर्वांना सुलभ अशा साधनांचा प्रसार केला. ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज (१८४५–१९१३) यांच्या उपदेशात नामस्मरण व समाधान यांना मध्यवर्ती स्थान आहे. त्यांच्या प्रवचनांचा वर्षातील प्रत्येक दिवसास एक याप्रमाणे केलेला संग्रह अनेक घरांतून नित्य वाचला जातो. सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनी इगतपुरी येथे स्थापन केलेल्या केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरतात. प्रथम श्वासाचे व नंतर शरीरावरील संवेदनांचे, त्यांविषयी आसक्ती वा द्वेष न धरता, निरीक्षण करणे हे या साधनेचे स्वरूप होय.

मानसशास्त्रीय दृष्टी : अनुकूल बदलाची माणसाला सवय होऊन त्यापासूनचे सुख ओसरते, या प्रक्रियेस सुखानुकूलन म्हणता येईल. फिलिप ब्रिकमन व सहकारी यांच्या १९७८ मधील अमेरिकन अभ्यासात लॉटरीत मोठी रक्कम मिळालेल्या २२ व्यक्ती तुलनेसाठी निवडलेल्या इतर व्यक्तींहून विशेष सुखी आढळल्या नाहीत. रॉबर्ट एमन्स व मायकेल मक्‌कलो यांच्या २००३ मधील प्रयोगांत, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा गोष्टींची नियमित नोंद ठेवणाऱ्यांचे जीवनविषयक समाधान, त्रासदायक गोष्टी नोंदविणाऱ्यांच्या मानाने अधिक दिसले. तथापि हे अनुकूलन पूर्ण नसते. बेकारीसारख्या आघातांचा समाधानावरील परिणाम दीर्घकाळ टिकतो, असे नंतरच्या संशोधनावरून दिसते. परिस्थितीचे महत्त्व नाकारून सर्व भार मनावर टाकणे म्हणूनच शास्त्रीय दृष्ट्या योग्य ठरत नाही.

आक्षेप व विवेक : असंतोष हे ऐश्वर्याचे मूळ आहे, असे महाभारताच्या सभापर्वात दुर्योधन म्हणतो. त्याचा असंतोष मत्सरातून उपजलेला होता. परंतु संतोषाच्या उपदेशाने पुरुषार्थ खुंटतो, हा आक्षेप तेवढ्याने निकालात निघत नाही. ‘भारतीय असंतोषाचे जनक’ म्हणून ओळखले गेलेल्या लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) सुखदुःखांचा स्वतंत्र प्रकरणात विचार केला असून, त्याग करावयाचा तो कर्माचा नव्हे, तर फलाच्या आसक्तीचा, असे प्रतिपादिले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मधील एका लेखात, धर्माने दारिद्र्याला पावित्र्य वा थोरवी देऊ नये, अशी धर्माची एक कसोटी सांगितली. अन्न, आरोग्य व प्रतिष्ठा यांपासून वंचित असलेल्यास संतोषाचा उपदेश करणे हे अन्यायाचे समर्थन ठरू शकते, हा धोका या कसोटीमुळे स्पष्ट होतो.

प्राचीन परंपरांनाही या धोक्याची जाणीव होती. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत नऊ प्रकारच्या तुष्टी सिद्धीच्या मार्गातील अडथळे म्हणून गणल्या आहेत. मोक्ष प्रकृतीच देईल, संन्यास घेतल्यानेच मिळेल, योग्य काळ आल्यावर मिळेल किंवा भाग्यात असेल तर मिळेल, असे मानून स्वस्थ राहणे ही त्यांतील चार आंतरिक तुष्टींची रूपे होत. अंगुत्तरनिकायात तर कुशल धर्मांविषयी असंतुष्ट असणे आणि प्रयत्नांत खंड पडू न देणे यांची बुद्धाने प्रशंसा केली आहे. भोगांच्या बाबतीत संतोष आणि सद्‌गुण, ज्ञान व न्याय यांच्या बाबतीत असंतोष, अशी ही विभागणी आहे. दुसऱ्याच्या वाट्याच्या दुःखाविषयी संतुष्ट राहण्याचा अधिकार तीमुळे कोणासही मिळत नाही. स्वतःच्या गरजा मर्यादित ठेवून चित्त शांत राखणे व कर्तव्यात शिथिल न होणे, ही दोन्ही अंगे एकत्र आली, तरच संतोष हा आत्मोन्नतीचा गुण ठरतो.