कीर्तन संपलं तरी न जाणारा काटा

तेरला गोरोबाकाकांच्या मंदिरात कीर्तन रंगात आलं की बुवा अष्टसात्त्विक भाव सांगू लागतात. स्तंभ, स्वेद, स्वरभंग, अश्रू यांच्याच पंगतीत बसलेला एक भाव म्हणजे रोमांच. ही यादी थेट भरताच्या नाट्यशास्त्रातली. तुळजापुरात संबळ कडाडला की कित्येकांच्या अंगावर तो काटा उभा राहतो. आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपाची गोष्ट निघाली की सास्तूरकडच्या माणसांच्या अंगावरही. भक्ती वेगळी, भीती वेगळी, पण कातडीत घडतं ते एकच. प्रत्येक केसाच्या मुळाला एक बारीक स्नायू चिकटलेला असतो. आपल्या इच्छेविना काम करणाऱ्या मज्जासंस्थेकडून इशारा आला की तो आखडतो, केस ताठ होतो आणि मुळाभोवतीची कातडी टोकदार होऊन वर येते. तळहाताला, तळपायाला केस नाहीत, म्हणून तिथे काटा येत नाही. कुत्रा दिसताच मांजर फुगतं ते याच स्नायूंच्या जोरावर. थंडीत जनावरांच्या उभारलेल्या केसांत हवा अडकून ऊब टिकते. माणसाच्या अंगावरची लव विरळ झाली, स्नायू मात्र राहिला.

तो अगदीच बिनकामाचाही नाही. 2020 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवून दिलं, की मज्जातंतूला केसाच्या मूळपेशींपर्यंत पोचायला हाच स्नायू आधार देतो आणि थंडी लांबली तर त्याच वाटेने नवे केस उगवायला चालना मिळते.

‘अंगावर काटा आला, थरथर सुटली, म्हणजे देवीचा संचार झाला’ असं आपल्याकडे लगेच म्हटलं जातं. श्रद्धेबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. पण अंथरुणातलं माणूस कुडकुडत असेल, तर आधी कपाळाला हात लावून पाहा. ताप चढताना मेंदू शरीराच्या तापमानाचं लक्ष्यच वरच्या पातळीवर नेऊन ठेवतो. मग नेहमीचीच हवा गार वाटते, काटा येतो, दात वाजतात. हिवतापात हेच होतं. अंगारा लावायचा तर लावा, पण त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

खरा आलेला काटा थोड्याच वेळात मावळतो. काही जणांच्या दंडावर आणि मांड्यांवर, लहान मुलांच्या गालांवरही, मात्र तो बाराही महिने दिसतो. पिसं काढलेल्या कोंबडीच्या कातडीसारखे बारीक, खरखरीत दाणे. हा रोमांच नव्हे. याला केराटोसिस पिलॅरिस म्हणतात. कातडीच्या वरच्या थरातलं केराटिन नावाचं प्रथिन केसाच्या छिद्राशी साचून त्याचं बूच बसतं, एवढंच. किशोरवयातल्या निम्म्याहून अधिक मुलामुलींना आणि प्रौढांपैकी सुमारे 40 टक्के लोकांना हे असतं, असा त्वचारोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण अंदाज आहे. बहुतेकदा ते घराण्यातून येतं. आईच्या किंवा वडिलांच्या दंडावरून हात फिरवून पाहा. हिवाळ्यात कातडी कोरडी पडली की वाढतं, वय वाढेल तसं बहुतेकांचं कमी होत जातं.

आणि या निरुपद्रवी दाण्यांना आपण काय काय म्हणतो! ‘रक्त खराब झालंय.’ ‘अंगात उष्णता फार.’ ‘नीट आंघोळ करत नाही.’ यातलं एकही खरं नाही. रक्ताचा इथे संबंध नाही, मळाचा नाही, आणि हे एकाचं दुसऱ्याला लागतही नाही. मे महिन्यात पारा 40 च्या वर गेलेला असताना केवळ दंड झाकायला पूर्ण बाह्या घालून फिरणाऱ्या मुली दिसतात, तेव्हा या बोलण्याचा राग येतो.

‘जीवनसत्त्व कमी पडलंय’ हे वाक्य मात्र साफ खोटं म्हणता येत नाही. कोपर, गुडघे आणि ढुंगणावर जाड, काट्यांसारखे दाणे उठत असतील, मूल हडकुळं असेल, तिन्हीसांजेला अडखळत असेल, तर तो दुसरा विकार असू शकतो. 1933 मध्ये ल्युशियस निकोल्स या डॉक्टरांनी त्याला फ्रिनोडर्मा, म्हणजे बेडकासारखी कातडी, असं नाव दिलं. त्यांनी अ जीवनसत्त्वाच्या अभावाकडे बोट दाखवलं. पुढच्या अभ्यासांत आवश्यक मेदाम्लं, ब जीवनसत्त्वं आणि एकूणच कुपोषण यांचाही वाटा दिसून आला. भारतात काही उपचारांच्या चाचण्यांमध्ये करडईचं तेल वापरलं गेलं, हे मराठवाड्यातल्या वाचकाने आवर्जून ध्यानात ठेवावं. या तेलात सुमारे 70 टक्के लिनोलेइक आम्ल असतं, आणि ते आवश्यक मेदाम्लांपैकी एक आहे. घाण्याचं करडईचं तेल हे आपल्या घरांतलं जुनं तेल. जवसाची चटणी, शेवगा, पालेभाज्या यांचं मोलही कमी नाही. पण जेवण नीट असलेल्या मुलाच्या दंडावरचे साधे दाणे जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी जात नाहीत. त्यासाठी उगाच पैसे घालवू नका.

आणखी एक फरक ओळखायलाच हवा. रात्री खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल आणि घरातले इतरही खाजवत असतील, तर ती खरूज. ती लागते, आणि उपचार सगळ्या घराने एकाच वेळी घ्यावे लागतात.

दंडाच्या दाण्यांसाठी कोमट पाण्याने आंघोळ करावी, साबण कमी वापरावा आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा मलम लावावं. युरिया किंवा लॅक्टिक ॲसिड असलेली मलमं दाणे मऊ करतात. थांबवलं की ते परत येतात, कारण कातडीचा स्वभावच तसा असतो. नखाने टोकरलं तर डाग राहतात. वजरी टाचा घासायला असते. ती मुलांच्या दंडांवर चालवू नका.