मनगटी घड्याळांची निगा

कमानीच्या शक्तीवर चालणारे मौल्यवान मनगटी घड्याळ अचूक, जलरोधी व दुरुस्तीयोग्य स्थितीत राहावे म्हणून त्याचा वापर, स्वच्छता, साठवण व ठराविक काळाने करावयाची अंतर्गत सफाई यांबाबत जी दक्षता घ्यावी लागते, तिला घड्याळाची निगा असे म्हणतात. अशा घड्याळांच्या निर्मितीची प्रमुख केंद्रे स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हा शहरात आणि झुरा पर्वतराजीतील ल शो-द-फाँ, ल लॉकल व जू खोरे येथे आहेत. पुढील पिढीच्या हाती जाईल या अपेक्षेने हे घड्याळ विकत घेतले जाते. त्याच्या सोन्याला वा पोलादाला काळापासून फारसे भय नसते. त्यातील तेलाचे अत्यल्प थेंब आणि डबीच्या सांध्यांतील रबरी कड्या मात्र घड्याळ वापरले किंवा पेटीत ठेवले तरी हळूहळू जुन्या होत जातात, आणि त्यांचा ऱ्हास बाहेरून दिसत नाही. निगेविषयीचे बहुतेक नियम या दोन गोष्टींभोवती फिरतात.

वंगण व सफाई : आधुनिक यांत्रिक घड्याळाचे बॅलन्स चाक पुष्कळदा ताशी २८,८००, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० आणि वर्षाला सु. २५ कोटी झोके घेते. जुन्या घड्याळांत ही कंप्रता ताशी १८,००० असे. या चाकाच्या पोलादी आसाची टोके सु. ०·१ मिमी. किंवा त्याहूनही बारीक असून ती संश्लेषित माणकांच्या धारव्यांत फिरतात. पूर्वी या कामी डॉल्फिन व पोर्पॉइज या सागरी प्राण्यांच्या जबड्यातून काढलेले तेल वापरीत. आता संश्लेषित तेले वापरतात. एकाच घड्याळात अनेक प्रकारची वंगणे लागतात. मुख्य कमानीजवळच्या, सावकाश फिरणाऱ्या व मोठा भार घेणाऱ्या चाकांना दाट तेल, बॅलन्सला पातळ तेल आणि चावीच्या भागांना ग्रीज देतात. बॅलन्सला ढकलणाऱ्या द्विभुज तरफेच्या आसाला मात्र सामान्यतः तेल देतच नाहीत, कारण तेथे तेलाच्या चिकटपणाने होणारा अडथळा घर्षणापेक्षा जास्त ठरतो.

तेल कालांतराने पसरते, दाट होते किंवा वाळते. त्यात धूळ व धातूचा बारीक कीस मिसळला म्हणजे त्याचे पॉलिश कागदासारखे कार्य सुरू होते व आसाची टोके झिजू लागतात. झिजलेल्या पोलादाचे ऑक्सिडीकरण होऊन तांबूस भुकटी जमते. माणिक हे पोलादापेक्षा पुष्कळ कठीण असल्याने झीज आसाच्याच वाट्यास येते. या अवस्थेतही घड्याळ चालूच राहते व बहुधा वेळही बरीचशी बरोबर दाखविते. त्यामुळे ‘चालते आहे, मग सफाई कशाला?’ असा समज रूढ झालेला दिसतो. तो महागात पडतो, कारण वेळेवर केलेल्या सफाईत जे काम नव्या तेलावर भागते, तेच विलंबाने केल्यास चाके व आस बदलावे लागतात. आणि उत्पादन बंद झालेल्या जुन्या यंत्रणेचे सुटे भाग मिळतीलच असे नसते.

बिघाडाची पूर्वचिन्हे जाणकारास ओळखता येतात. घड्याळाचा आवाज टिपणाऱ्या उपकरणाने बॅलन्सच्या झोक्याचा परमप्रसर मोजतात. पूर्ण चावी दिलेल्या व आडव्या ठेवलेल्या निरोगी घड्याळात तो बहुधा २७० ते ३१० अंश असतो. तो २०० अंशांच्या आसपास आला तर वंगण संपले असे समजावे. उपकरण नसलेल्या मालकास एक साधे लक्षण पुरते : दिवसभर हातावर असलेले स्वयंचलित घड्याळ रात्री काढून ठेवल्यावर सकाळपर्यंत बंद पडू लागले, तर घड्याळजीकडे जाण्याची वेळ आली आहे. निरनिराळे निर्माते सफाईसाठी साधारणतः ५ ते १० वर्षांचे अंतर सुचवितात. सफाईत यंत्रणा पूर्ण सुटी करून तिचे भाग श्राव्यातीत तरंगांच्या साह्याने द्रवात धुतात, झिजलेले भाग बदलतात, नव्याने वंगण देतात आणि निरनिराळ्या स्थितींत घड्याळाची गती जुळवितात.

अचूकतेविषयीची अपेक्षा मात्र वास्तव असावी. स्विस अधिकृत क्रोनोमीटर परीक्षण संस्थेच्या (स्थापना १९७३) कसोटीत यंत्रणा १५ दिवस पाच स्थितींत व तीन तापमानांत तपासतात आणि तिची सरासरी दैनिक चूक −४ ते +६ सेकंदांच्या आत असावी लागते. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ५ सेकंदांची चूक म्हणजे ०·००६ टक्के होय. एवढ्यासाठी घड्याळ उघडणे शहाणपणाचे नाही.

पाणी : १९२६ मध्ये रोलेक्स कंपनीने ‘ऑयस्टर’ ही आटे असलेल्या झाकणाची व चावीची डबी प्रचारात आणली आणि पुढील वर्षी इंग्लिश खाडी पोहून गेलेल्या मर्सेडीझ ग्लाइट्स या जलतरणपटूच्या नावाने तिची जाहिरात केली. तेव्हापासून जलरोधी घड्याळाविषयी अवाजवी विश्वास वाढला. तबकडीवरील ‘३० मीटर’ हा आकडा स्थिर दाबाखालील चाचणीचा असतो. तेवढ्या खोल बुडी मारण्याची ती परवानगी नव्हे. अशा घड्याळावर पावसाचे शिंतोडे आले तर चालतात, पण ते घालून पोहू नये. पाणबुड्यांच्या घड्याळासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक वेगळे असून त्यात किमान १०० मी. क्षमता व नमूद दाबाच्या १२५ टक्के दाबाखाली चाचणी अपेक्षित असते.

रबरी कड्या उष्णता, घाम, साबण व क्लोरीन यांमुळे कडक होतात. म्हणून त्या प्रत्येक सफाईच्या वेळी बदलाव्यात आणि पाण्याशी नित्य संबंध येत असल्यास जलरोधाची चाचणी दरवर्षी करून घ्यावी. गरम पाण्याने स्नान करताना घड्याळ काढून ठेवणे इष्ट. तापलेल्या डबीवर थंड पाणी पडले म्हणजे आतील हवा आकुंचन पावते व ओलावा आत खेचला जातो. चावी ओढलेली असताना पाण्यात जाणे हे आत पाणी शिरण्याचे नेहमीचे कारण आहे. काचेच्या आतील बाजूस बाष्प दिसल्यास घड्याळ उन्हात वाळविण्याचा घरगुती उपाय करू नये, कारण बाष्प तबकडीवर व पोलादी भागांवर बसून एक-दोन दिवसांतच गंज चढवू शकते. समुद्रस्नानानंतर चावी घट्ट बंद असल्याची खात्री करून घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे. कोकण व मुंबईच्या पावसाळ्यात चामडी पट्ट्यावर बुरशी चढते. तेव्हा त्या दिवसांत धातूचा किंवा रबरी पट्टा वापरणे बरे.

चुंबकत्व : ध्वनिवर्धक, पिशव्यांचे चुंबकी खटके व भ्रमणध्वनीची आवरणे यांमुळे हा उपद्रव अलीकडे फार वाढला आहे. चुंबकित झालेल्या हेअरस्प्रिंगचे वेटोळे एकमेकांस चिकटते, तिची कार्यकारी लांबी घटते व घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागते. सुस्थितीतील घड्याळ एकाएकी जलद होण्याचे कारण पुष्कळदा हेच असते आणि प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्राने ते काही सेकंदांत दूर करता येते. त्यासाठी सबंध सफाईचे शुल्क देण्याचे कारण नाही. एकविसाव्या शतकात प्रचारात आलेल्या सिलिकॉनच्या हेअरस्प्रिंगवर चुंबकत्वाचा परिणाम होत नाही.

वापर करताना घ्यावयाची काळजी थोडीच आहे. हाताने चावी देण्याचे घड्याळ रोज एकाच सुमारास, अडथळा जाणवेपर्यंत भरावे. रात्री ९ ते पहाटे ३ या काळात पुष्कळ घड्याळांची तारखेची दंतचक्रे गुंतलेली असतात. त्या वेळी चावीने तारीख बदलल्यास दाते मोडतात. स्वयंचलित घड्याळ सतत फिरत ठेवणारी विद्युत्‌ पेटी सर्वसाधारण घड्याळास अनावश्यक आहे. विश्रांतीत न होणारी झीज तिच्यामुळे होते. शाश्वत पंचांगाची घड्याळे मात्र याला अपवाद मानता येतील, कारण ती बंद पडल्यास वार, तारीख, महिना व चंद्रकला पुन्हा जुळविणे किचकट असते.

काचेच्या रक्षणासाठी १९३१ मध्ये ‘रिव्हर्सो’ हे डबी उलटी फिरविता येणारे घड्याळ निघाले. भारतातील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पोलोच्या खेळात काचा फुटत, हे त्याचे निमित्त. आजची संश्लेषित नीलाची काच सहसा ओरखडत नाही, पण आघाताने तडकते.

डबीवरील ओरखडे घालविण्यासाठी केलेल्या प्रत्येक घासकामात धातूचा थर कायमचा जातो, धारदार कडा बोथट होतात व कोरीव अक्षरे पुसट होतात. पॉल न्यूमन या अभिनेत्याचे ‘डेटोना’ घड्याळ २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेले. त्याच्या मागील झाकणावर पत्नीने कोरून घेतलेला मजकूर हा त्याच्या ओळखीचा भाग होता. जुने घड्याळ सफाईस देताना ‘डबी घासू नये, तबकडी व काटे बदलू नयेत, काढलेले भाग परत द्यावेत’ असे लेखी सांगणे म्हणूनच आवश्यक ठरते. सु. १९६० पर्यंतच्या अनेक तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग असतो. त्याची चमक गेली तरी किरणोत्सर्ग टिकून राहतो, कारण रेडियमाचा अर्धायुकाल सु. १,६०० वर्षे आहे. असे घड्याळ घरी उघडू नये व त्याच्या तबकडीवरील भुकटी श्वासावाटे आत जाऊ देऊ नये.