तुळशीमाईचे घर आपल्या हातांनी

कार्तिकी एकादशीला भगवान विष्णू योगनिद्रेतून जागे होतात, चातुर्मासाची समाप्ती होते आणि कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत घरोघर तुळशीच्या लग्नाची लगबग चालते. वृंदावनावर गेरूचा हात फिरतो, त्यावर 'राधा-दामोदर प्रसन्न' अशी अक्षरे उमटतात, उसाचा मांडव उभा राहतो, बुंध्याशी चिंचा-आवळे ठेवले जातात. गोमंतकात तर या सणाला 'व्हडली दिवाळी' म्हणतात. या मंगल प्रसंगी आमच्या अंगणातील वृंदावनाची हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते; कारण तीत आमची एक चूक आहे आणि ती इतरांच्या हातून घडू नये, अशी आमची इच्छा आहे.

२०२३ साली आमचे जुने वृंदावन भंगले. गवंड्याची वाट न पाहता नवे स्वतःच बांधावे, असे आम्ही ठरविले. विटा पाण्यात भिजत घातल्या, एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू असा माल कालविला, दोरी आणि ओळंबा लावून कमरेइतके बांधकाम उभे केले. पणतीसाठी कोनाडा ठेवला. शोभेच्या हौसेने आतून-बाहेरून चकचकीत फरशी बसविली आणि तळही सिमेंटने पक्का बंद केला. मातोश्रींनी ते पाहून एवढेच विचारले, "अरे, हिच्या पायाशी पाणी साचलं, तर ते जायचं कुठून?" आम्ही ते हसण्यावारी नेले.

त्या कार्तिकात विवाह थाटात पार पडला. आल्यागेल्याने वृंदावनाची वाखाणणी केली. पुढे चातुर्मास आला, पावसाची झड लागली आणि २०२४ च्या श्रावणात तुळशीची पाने काळवंडून गळू लागली. उपटून पाहतो तो मुळे कुजलेली! मातोश्री आम्हांस काही बोलल्या नाहीत. सायंकाळी रिकाम्या वृंदावनापुढे त्यांनी नेहमीप्रमाणे पणती लावली. ते दृश्य आमच्या मनातून आजही जात नाही.

दसरा झाल्यावर आम्ही ते वृंदावन फोडले आणि पुन्हा बांधावयास घेतले. या वेळी मधली पोकळी थेट जमिनीपर्यंत उघडी ठेवली. तळाशी फुटक्या विटांचे तुकडे, त्यावर माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समभाग मिसळून भरले. माती भरण्यापूर्वी बांधकामावर सात दिवस पाणी मारले व पोकळीही धुऊन काढली, कारण ताज्या सिमेंटचा क्षार कोवळ्या मुळांना सोसत नाही. जागा निवडताना दिवसाचे निदान सहा तास ऊन मिळेल, हे पाहिले. ज्यांना अंगण नाही, त्यांनी गॅलरीत मातीची कुंडी ठेवावी. मात्र तिच्या बुडाचे छिद्र मोकळे असावे आणि खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. वरची माती सुकल्यावाचून पाणी घालू नये. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या की रोप फुटवा धरते. त्या देवाला वाहाव्यात, काही बियाण्यासाठी राखाव्यात.

शेजारच्या वहिनींनी आपल्या अंगणातील रोप दिले. मातोश्रींनी स्वहस्ते ते लावले. त्यानंतरचे पावसाळे त्या तुळशीने निभावून नेले आहेत.

तुळशीच्या विवाहात यजमान तिला कन्या मानून तिचे कन्यादान करतो. लेकीला स्थळ पाहताना आपण घराची नुसती रंगरंगोटी पाहत नाही. तिथे तिचा जीव रमेल की नाही, हे आधी पाहतो. आम्ही घराची शोभा पाहिली, लेकीची मुळे पाहिली नाहीत. यंदा वृंदावनाला गेरू लावण्यापूर्वी, वाचकहो, त्याच्या बुडाशी एकवार अवश्य पाहा. पाण्याला वाट आहे ना?