जलंब ते खामगाव: शेवटचे आठ मैल

खामगावचा कापूस बाजार 1820च्या सुमारास उभा राहिला आणि पन्नास वर्षांत त्याचं नाव लिव्हरपूलपर्यंत गेलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा नागपूरकडे जाणारा मार्ग मात्र मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा खामगावला बगल देऊन गेला. उरलेल्या आठ मैलांसाठी जलंबहून फाटा टाकावा लागला आणि 1870 मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आठ मैलांसाठी व्हाइसरॉय! मँचेस्टरच्या गिरण्यांना किती घाई होती, ते यावरून कळतं. सुएझ कालवा आदल्याच वर्षी खुला झाला होता, समुद्राखालची तार 1870 मध्येच मुंबईला पोहोचली. लिव्हरपूलहून तारेने मागवलेला वऱ्हाडी कापूस आता सहा आठवड्यांत तिथल्या धक्क्यावर उतरू शकत होता. तारेवरून मोजके शब्द जात, पण झटकन. रेल्वेने गाठींचे ढीग जात, पण सावकाश. कुठल्याही जोडणीचा वेग असा दोन मापांत मोजावा लागतो: किती लवकर पोहोचतं आणि एका वेळी किती जातं. दोन्ही मापं शेवटच्या फाट्यावर अडतात, हा माझा मुद्दा.

इंटरनेटच्या जाहिरातीत फक्त दुसरं माप असतं, तेही 'अप टू' लावून. डायल-अपची धाव सेकंदाला 56 किलोबिटपर्यंत. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं एडीएसएल-2 प्लस कागदावर 24 मेगाबिट देतं, पण एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवरच्या घरात त्यातलं थोडकंच उरतं. घरोघरच्या फायबरवर जीपॉन या तंत्राचे अडीच गिगाबिट एका धाग्यावरच्या सगळ्यांत वाटले जातात. 64 घरांनी एकाच वेळी ओढलं तर प्रत्येकी 39 मेगाबिट. लीज्ड लाइन महाग, कारण ती कुणाशी वाटून घ्यावी लागत नाही आणि चढ-उतार दोन्हीकडे सारखीच चालते. 36,000 किलोमीटरवरच्या उपग्रहातून प्रश्न जाऊन उत्तर यायला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, प्लॅन कितीही महागाचा घ्या. ब्रॉडबँडची सरकारी किमान मर्यादा 2004 मध्ये 256 किलोबिट होती, 2013 मध्ये 512 झाली आणि दोन मेगाबिटवर यायला 2023 उजाडलं. इतक्या बुटक्या उंबरठ्यावरून कोण अडखळणार?

ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेत प्रत्येक ग्रामपंचायतीला 100 मेगाबिट द्यायचे होते. खर्च वाचवायला तालुक्यापासूनची बीएसएनएलची जुनी फायबर वापरली आणि नवी फक्त उरलेल्या अंतरात टाकली. मांडणी एकेरी राहिली. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की पुढच्या पंचायती बंद. मोबाइलवर सगळं चालत असताना फायबर हवी कशाला, असा आक्षेप येतो. तो निम्माच खरा आहे. टॉवरची हवेतली क्षमता आसपासच्या सगळ्या फोनांत वाटली जाते आणि टॉवरमागे फायबर नसेल तर मायक्रोवेव्हच्या जोडणीवर भागवावं लागतं. ऑगस्ट 2023 मध्ये 1 लाख 39 हजार कोटींहून अधिक खर्चाचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात पंचायती वर्तुळात जोडायच्या आहेत, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून वाट राहील. मला हा बदल 100 मेगाबिटच्या घोषणेपेक्षा मोलाचा वाटतो. खामगावच्याच जिल्ह्यातल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत जंगल आणि चढण ओलांडून केबल नेणं महागात पडेल, हे खरं. तिथे रेडिओ किंवा साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणारे उपग्रह वापरावेत. त्यांना अर्ध्या सेकंदाचा तो अडथळा नाही.