छप्पर कुणाच्या नावावर?

दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून नुसती मान फिरवली, तरी कोल्हापूरचा एक जुना हिशेब वाचता येतो. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायतांचा चित्रदुर्ग मठ. बाकीच्यांच्या पाट्या गावभर विखुरलेल्या. कागदोपत्री ‘वसतिगृह’ असलं, तरी कोल्हापूरकर त्याला बोर्डिंगच म्हणतो. ज्यांचे आजोबा ‘बोर्डिंगात राहून शिकले’ अशी घरं पन्हाळ्यापासून चंदगडपर्यंत पसरलेली आहेत.

याच चौकाच्या बगलेला, जयंती नाल्याच्या कडेला सुतारवाडा आहे. जुलैत पंचगंगा चढू लागली की नाल्याचं पाणी मागे फुगतं आणि शहरात सर्वांत आधी ज्यांना घर सोडावं लागतं, त्यांत सुतारवाड्याची कुटुंबं असतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोक्याची. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पावसाळ्यात दोन माणसं भेटली की ‘किती फूट झालंय?’ हाच पहिला प्रश्न. सुतारवाड्यातली माणसं गॅस, गाद्या, शाळेची दप्तरं घेऊन चालत चित्रदुर्ग मठात येतात. २०१९ मध्ये नदी ५५ फुटांवर गेली तेव्हा आणि २०२१ मध्येही शहरातले मठ, शाळा, मंगल कार्यालयं अशी माणसांनी भरली होती. कुणी वेगळा आदेश काढायची वाट बघत नाही. रस्ता ठरलेला, हॉल ठरलेला, भात-आमटी कुठून येणार तेही बहुतेक ठरलेलं.

मग प्रश्न पडतो. पुरात बेघर झालेल्याला तासाभरात छप्पर देणाऱ्या या शहरात, बारा महिने बेघर असलेला माणूस सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या भिंतीला टेकून का झोपतो? मला याचं उत्तर बोर्डिंगांच्याच गोष्टीत दिसतं.

शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक १८९४ चा. राजाराम कॉलेज तेव्हाही होतं, हायस्कूल होतं, फीमाफी देता येत होती. अडत होतं ते राहण्यावर. भुदरगडातला किंवा राधानगरीकडचा शेतकऱ्याचा पोरगा मॅट्रिकच्या वर्गात बसणार, पण रात्री कुठे? शहरात नातलग नाही, खानावळीला पैसे नाहीत. जातीमुळे कुणी ओसरीही देणार नाही. दरबारने १८९६ मध्ये कॉलेजला जोडून सर्वांसाठी खुलं वसतिगृह काढून पाहिलं. दार सगळ्यांना उघडं होतं, पण आत राहिले ते जवळजवळ सगळे ब्राह्मण विद्यार्थी. त्यात कुणाचा कट होता असं नाही. शहरात शिकायला यायची सवय आणि ऐपत ज्यांची होती, ते आले. बाकीचे फाटकाबाहेरच राहिले, कारण आत त्यांचं म्हणून कुणी नव्हतं.

या अनुभवातून निघालेला उपाय वादग्रस्त होता आणि आजही आहे: प्रत्येक समाजाचं वेगळं छप्पर. १८ एप्रिल १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झालेले पी. सी. पाटील या चळवळीच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. त्याच साली जैनांचं बोर्डिंग झालं. १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. हे नाव मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीचं. मग दैवज्ञ, नामदेव, सारस्वत, ख्रिस्ती, प्रभू, वैश्य, देवांग अशी रांग लागली. राजपुत्र शिवाजी १९१८ मध्ये शिकारीच्या अपघातात गेले आणि त्यांच्या नावे १९२० मध्ये प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग उभं राहिलं. महाराज १९२२ मध्ये वारले, तोवर वीसच्या आसपास बोर्डिंगं झाली होती.

हे नुसतं राजाच्या दानशूरपणाचं कौतुक म्हणून सांगितलं तर त्यातली कारागिरी निसटते. दरबार मोक्याची जागा द्यायचा, कुठे इमारत, कुठे जमिनीचं उत्पन्न, कुठे सालीना अनुदान. पण चालवायची जबाबदारी त्या त्या समाजाच्या मंडळींवर. त्यांनी वर्गणी गोळा करायची, सुपरिंटेंडंट नेमायचा, पोरगं परीक्षेला बसतंय की गावात हुंदडतंय ते बघायचं. राजाचा पैसा आणि जातीची लाज, असं हे दुहेरी इंजिन होतं. आपल्या बोर्डिंगातला पोरगा नापास झाला, उपाशी राहिला किंवा पळून गेला, तर पेठेत मान खाली जाणार. सरकारी खात्याला ही लाज कधीच वाटत नसते. शिवाय जागा ट्रस्टच्या नावावर. राजा गेला, संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं, पण छप्पर हललं नाही.

जातवार छपरांनी जात पक्की केली नाही का? केली असणार, निदान काही अंशी. कोल्हापूरच्या निवडणुका पाहणाऱ्याला ते वेगळं सांगावं लागत नाही. शाहूंवर हा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला. नाशिकला १५ एप्रिल १९२० रोजी तिथल्या मराठा बोर्डिंगच्या पायाभरणीला ते गेले होते आणि तिथल्या भाषणात जातिभेदाचाच विषय त्यांनी काढला. वसतिगृहं जातीची आणि भाषण जातिभेद मोडण्याचं, यात कुणाला विसंगती दिसेल. मला त्यात निकड दिसते. १८९६ चं सर्वांसाठीचं वसतिगृह पाहून झालेला माणूस आणखी पन्नास वर्षं थांबायला तयार नव्हता.

या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं ते बोर्डिंगातच वाढलेल्या एका पोराने. भाऊराव पाटील शिकायला कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात होते. शिक्षणात त्यांची गती बेताची, आणि तिथल्या सोवळ्याओवळ्याशी तर मुळीच जमलं नाही. ते बाहेर पडले. १९१९ मध्ये त्यांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग उघडलं. पोरं एका पंगतीला, कामं वाटून घेतलेली, घरून येईल ते धान्य एकाच कोठारात. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. गांधीजींच्या हस्ते १९२७ मध्ये या बोर्डिंगाचं नामकरण झालं आणि नाव दिलं गेलं शाहू छत्रपतींचंच. वेगळ्या छपरांची युक्ती ज्याने काढली त्याचं नाव एकत्र छपराला मिळालं, हा मला तरी योगायोग वाटत नाही.

तर हे झालं विद्यार्थ्यांचं. कोल्हापुरात पुढेही छपरं उभी राहत गेली आणि बहुतेक याच नमुन्याने: कुणीतरी एका गटाला ‘ही आमची माणसं’ म्हटलं आणि जागा मिळवली. निराधार मुलांसाठी बालकल्याण संकुल आहे. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ काढली आणि अपंग मुलांसाठी उचगावला ‘घरौंदा’ वसतिगृह उभं केलं. अनुराधा भोसले यांची ‘अवनि’ वीटभट्टीवरच्या आणि कामाला जुंपलेल्या मुलांसाठी झगडत आली. त्यातूनच ‘एकटी’ निघाली, ती विधवा, परित्यक्ता आणि कचरा वेचणाऱ्या बायांसाठी. बेघरांच्या निवाऱ्याचं कामही ती पाहते. या संस्थांचा मिळून एखादा मोठा फलक कुठे लागलेला नाही. पण रात्री अकरा वाजता स्टँडवर एखादी बाई दोन पोरांसह रडत बसलेली दिसली, तर पोलीस कुणाला फोन करणार, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. छोट्या शहराचा हा फायदा.

उरतो तो कुणाच्याच गटात न बसणारा. चाळिशी-पन्नाशीचा पुरुष, दारू सुटलेली किंवा न सुटलेली, हॉटेलात भांडी घासणारा किंवा मार्केट यार्डात हमाली करणारा. किंवा सीपीआरमधून डिस्चार्ज मिळालेला म्हातारा, पाय प्लास्टरमध्ये, न्यायला कुणी आलेलं नाही. किंवा अंबाबाईच्या दर्शनाला म्हणून आणून मंदिराच्या दारात सोडून दिलेली आई. यांची जात विचारली तर सांगतील, पण त्या जातीचं बोर्डिंग त्यांना ओळखणार नाही. बेघर होणं म्हणजे आधी माणसांतून उठणं. छत जातं ते त्यानंतर.

कायद्याने यांच्यासाठी एक व्यवस्था आहे आणि ती कागदावर चांगली आहे. अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात जानेवारी २०१० मध्ये दिल्लीतल्या निवाऱ्यांचा प्रश्न पुढे आला आणि सर्वोच्च न्यायालयाने शहरांना लाखामागे एक, चोवीस तास उघडा निवारा करायला सांगितलं. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याचे निकष ठरले. लाख लोकसंख्येमागे निदान शंभर जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, एक व्यवस्थापक, पाळीने तीन काळजीवाहक. बायकांसाठी, कुटुंबांसाठी, आजारी माणसांसाठी वेगळे निवारे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांचं होतं. म्हणजे या मापाने पाच निवारे, पाचशे खाटा.

बेघर मोजतात कसे, हेही बघण्यासारखं आहे. जनगणनेवाले २८ फेब्रुवारी २०११ च्या एका रात्रीत रस्त्याकडेला, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात, फलाटावर झोपलेल्यांना मोजत फिरले. देशभर १७ लाख ७३ हजार भरले. पण झोपलेला माणूस टॉर्चचा उजेड बघून उठतो आणि चालू लागतो, कारण त्याच्या अनुभवात टॉर्च पोलिसाचा असतो. महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंध कायदा आहे. भीक मागताना दिसला की उचलून भिक्षेकरी गृहात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याच कायद्याची बरीच कलमं तिथल्यापुरती घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडची भिक्षेकऱ्यांना उचलणारी गाडी मात्र बेघराला अजून भिववते. निवाऱ्याचा माणूस रात्री समजावायला आला, तरी आधी तो ‘त्यांचा’ वाटतो.

म्हणून निवारा चालवणाऱ्याचं खरं काम खाटा मांडण्याचं नाही. पहिली भेट वाया जाते, दुसरीला चहा होतो, तिसऱ्या-चौथ्या भेटीत माणूस नाव सांगतो, आणि ते खरं असेलच असं नाही. आत आल्यावर अंघोळ, केस, दवाखाना. मग कागद. आधारला पत्ता लागतो, रेशनकार्डाला आधार लागतो, संजय गांधी निराधार योजनेच्या पेन्शनला दोन्ही लागतात, आणि बँकेच्या खात्याशिवाय पेन्शन येत नाही. निवाऱ्याचा पत्ता हा त्यातला पहिला दगड. तो लागला की पुढची भिंत चढते. काहींच्या घरचे सापडतात. सापडलेल्या घरी परत जायचं नसतं, असंही होतं. मुलाने मारून हाकललेल्या बाईला ‘समेट’ नको असतो. हे सगळं करायला तीन पाळ्यांतला काळजीवाहक असतो, आणि त्याचा स्वतःचा पगार महिनोन्‌महिने अडकण्याची भीती असते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये न्या. कैलास गंभीर यांची समिती नेमली, ती निवाऱ्यांच्या नावाने आलेला पैसा राज्यांत पडून कसा राहतो हे बघायला. पैसा होता, जागा नव्हती. महापालिकेकडे मोक्याची जागा असली, तर तिथे गाळे काढले की भाडं मिळतं, निवारा काढला की शेजारच्यांच्या तक्रारी मिळतात. मग निवारा जातो जुन्या शाळेत, बंद पडलेल्या दवाखान्यात, गावाबाहेर. स्टँडवर हमाली करणारा तिथे झोपायला कशाला जाईल? कामापासून दोन किलोमीटर लांबची खाट म्हणजे रोज रिक्षाचं भाडं. शाहूंनी बोर्डिंगांना जागा दिल्या त्या शहराच्या मधोमध, शाळा-कॉलेजापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या काळीही त्या जागांचा दुसरा मोल देणारा उपयोग होताच.

दुसरा फरक कागदातला आहे. बोर्डिंगाच्या सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर ट्रस्टचं नाव आहे. निवारा महापालिकेचा, चालवणारी संस्था करारावर, खर्चात केंद्राचा आणि राज्याचा वाटा ठरावीक वर्षांपुरता. अभियानाचं नाव बदललं की पत्रव्यवहार नव्याने सुरू. नियमात निवाऱ्याच्या व्यवस्थापन समितीवर राहणाऱ्यांचे प्रतिनिधी घ्यायची सोय आहे. ती समिती खरोखर बसते का, कोण बोलवतं, तिच्यात दसरा चौकातल्या ट्रस्टांपैकी कुणी बसायला तयार होईल का, हे विचारायला हवं. पुराच्या दिवसांत ज्यांच्याकडे हॉलच्या किल्ल्या असतात, ती माणसं सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचे फोन नंबर महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात लिहून ठेवलेले असतात. सीपीआरच्या डिस्चार्ज काउंटरवर तसा एखादा नंबर लावायला काही हरकत नाही.